जीपीएसचा अलार्म इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही? बाहेरचा बझर असा लावा

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉलरवर जीपीएस प्लॉटर (नकाशावर बोट दाखवणारं मशीन), फिशफाइंडर असतं, काहींवर एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारं मशीन) पण असतं, आणि त्या सगळ्यांचा आतला बीप इतका बारीक असतो की डिझेल इंजिन चालू असलं की केबिनमध्ये शेजारी बसलेल्यालाही धड ऐकू येत नाही, मग मागे जाळं ओढणाऱ्या खलाशाला किंवा बाकड्यावर जरा आडवा झालेल्या तांडेलाला कुठून येणार. नांगर सरकला, खाली खडप आली, समोरून जहाज येतंय, हे सगळं मशीन सांगत असतं पण कोणी ऐकतच नाही. म्हणून हे काम प्रत्येक बोटीवर व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, खर्चही फार नाही.

आधी मशीनचं मॅन्युअल काढा आणि पॉवर केबलमधल्या वायरी बघा. बऱ्याच प्लॉटरला अलार्मची वेगळी वायर कंपनीनेच दिलेली असते, ती टेप लावून नुसती गुंडाळून ठेवलेली असते आणि कोणाचं लक्ष जात नाही. गार्मिनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ती पिवळी असते, पण रंगावर जाऊ नका, मॅन्युअलमधलाच तक्ता बघा. ही वायर बहुतेक वेळा प्लस देत नाही, अलार्म वाजला की ती मायनसला जोडली जाते. मल्टिमीटरचं लाल टोक प्लसला आणि काळं या वायरला लावा, अलार्म वाजवा, तेव्हा १२ व्होल्ट दिसले पाहिजेत.

आता मुख्य गोष्ट, सायरन डायरेक्ट या वायरला लावायचा नाही. गार्मिनच्या बऱ्याच प्लॉटरवर या वायरची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे, त्यामुळे मध्ये रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लागतोच. इथेच बरेच वायरमन गाडीचा ३० अँपिअरवाला रिले लावून मोकळे होतात, पण त्याची कॉइल (रिले चालवणारं तारेचं वेटोळं) ८०-९० ओहमची असते म्हणजे १२ व्होल्टवर १३०-१५० मिलिअँपिअर खेचते, मर्यादेच्या वर. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात छोटा चौकोनी पीसीबी रिले मिळतो, १२ व्होल्टची कॉइल, साधारण ४०० ओहम, तो ३० मिलिअँपिअरच घेतो. तोच घ्या.

जोडणी अशी: कॉइलचं एक टोक प्लॉटरच्याच प्लसला (प्लॉटरच्या स्विच आणि फ्यूजच्या पुढे), दुसरं टोक अलार्म वायरला. बोट २४ व्होल्टची असून प्लॉटर कन्व्हर्टरवर १२ ने चालत असेल तर कॉइलचा प्लस पण कन्व्हर्टरमधूनच घ्या, बॅटरीवरून घेतलात तर अलार्म वायरवर २४ व्होल्ट जातील. कॉइलच्या दोन टोकांमध्ये १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेला जाऊ देणारा भाग) टाका, पांढरी पट्टी प्लसकडे. तो उलटा लागला तर अलार्म वाजताच प्लस सरळ प्लॉटरच्या आउटपुटवर जाईल आणि आउटपुट जळेल, तेव्हा सोल्डर करायच्या आधी पट्टी पुन्हा एकदा बघा. मग बॅटरीवरून २ अँपिअरचा फ्यूज लावून प्लस रिलेच्या कॉमनला, एनओ पिनवरून (एरवी सुटी, रिले चालला की कॉमनला जोडली जाते ती) सायरनला, सायरनचं दुसरं टोक मायनसला, बस.

सायरन घ्यायचा तर चोरीच्या अलार्मला लावतात तो पिझो सायरन घ्या, करंट कमी आणि आवाज कानठळ्या बसवणारा. एक केबिनमध्ये झोपायच्या जागेजवळ, दुसरा मागे जाळ्याकडे तोंड करून, पाणी आत साचू नये म्हणून भोंगा खाली तिरका. रिले आणि सायरन होकायंत्रापासून निदान एक मीटर लांब ठेवा आणि वायरी पीळ देऊन न्या. वायर टिन केलेली तांब्याची, जोडावर सोल्डर आणि हीट श्रिंक, नुसत्या टेपवर ठेवलीत तर खाऱ्या हवेत थोड्याच दिवसांत हिरवी पडते.

ज्या मशीनला अशी वायरच नाही ते उघडून आतल्या बझरवरून वायर काढू नका, पाणी आत गेलं की मशीनच जाईल. सरकारी योजनेतल्या ट्रान्सपॉन्डरला (बोटीची जागा किनाऱ्याला कळवणारं मशीन) पण हात लावायचा नाही. व्हीएचएफला (बोटीवरचा बोलायचा रेडिओ) मात्र बाहेरच्या स्पीकरचा जॅक असतो, त्याच्या दोन्ही वायरी फक्त स्पीकरलाच जोडा, एकही मायनसला किंवा बोटीच्या बॉडीला जोडू नका.

सेटिंगवर खरं तर जास्त वेळ द्या. बंदराजवळ एआयएसचा अलार्म दर मिनिटाला कोकलला की खलाशी वायर काढूनच टाकतात, आणि त्यात त्यांची काय चूक. १४ नॉटने येणारं जहाज १० मिनिटांत सव्वादोन मैलांहून जास्त अंतर कापतं, त्यामुळे खुल्या समुद्रात किमान अंतर (जहाज आपल्या किती जवळून जाणार ते) अर्धा-एक मैल आणि वेळ (तेवढं जवळ यायला किती मिनिटं उरली ती) १०-१२ मिनिटं ठेवा, खाडीत शिरताना कमी करा. नांगराच्या अलार्मचा घेर सोडलेल्या दोराच्या लांबीपेक्षा थोडा मोठा, नाहीतर भरती-ओहोटीला बोट फिरली तरी वाजेल. आवाज बंद करायला स्विच द्यायचाच असेल तर स्विचच्या आधी लाल दिवा जोडा, म्हणजे आवाज बंद असला तरी दिवा पेटेल.

टेस्ट धक्क्यावरच होते. पाणी ३ मीटर असेल तर उथळ पाण्याचा अलार्म ५ वर ठेवा, लगेच वाजला पाहिजे. मग इंजिन पूर्ण रेसवर घेऊन एकाला मागे उभं करा, त्याला ऐकू आलं तरच काम झालं. जूनच्या बंदीत बोट ओढलेली असते तेव्हा जोड उघडून बघा आणि बंदी उठल्यावर पाण्यात घातली की हीच टेस्ट पुन्हा करा.