नाताळचा उपदेश: चर्चच्या पाळकांनो, या चुका टाळा

23 डिसेंबरच्या रात्री यूट्यूबवर उपदेश शोधायला बसू नका. अमेरिकेतल्या कुणाचा तरी उपदेश मराठीत करून वाचला, की त्यात बर्फ येतो, शेकोटीजवळ टांगलेले मोजे येतात आणि समोरची मंडळी तुमच्या हातून जाते. नव्या पाळकांना ही वाट फार आवडते. वेळ वाचतो, पण मंडळीला दोन मिनिटांत कळतं.

त्याआधीची चूक म्हणजे शास्त्रभाग नीट न वाचणं. येशूच्या जन्माची हकीकत सांगणारी बायबलमधली दोन शुभवर्तमानं, लूक आणि मत्तय, यांची खिचडी तर दरवर्षी होते. लूकात तारा नाही, मत्तयात मेंढपाळ नाहीत. ताऱ्यामागून पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, किती होते हे मत्तय सांगतच नाही. सोने, ऊद आणि गंधरस या देणग्या तीन, म्हणून आपण माणसंही तीन केली. ते आले घरात, गव्हाणीपाशी नव्हे. आणि उतारशाळेच्या ज्या मालकावर अर्धा उपदेश खर्च होतो, तो शुभवर्तमानात कुठेच नाही. मुलांच्या नाटकात तो खुशाल असावा, उपदेशात नको. मी एक शुभवर्तमान निवडतो आणि डिसेंबर लागला की तो भाग रोज मोठ्यानं वाचतो. लिहायला घाई करत नाही.

तसं वाचलं की दृष्टान्त बाहेरून आणावे लागत नाहीत. कैसर औगुस्ताचा हुकूम निघाला, म्हणून दिवस भरत आलेली मरीया नासरेथहून बेथलेहेमला गेली. नगर-बीडकडच्या मंडळीत हे समजावून सांगावं लागत नाही. डिसेंबरात कितीतरी घरांना कुलूप असतं, माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. कारखान्याच्या तळावर, कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, बाळंत झालेली एखादी बाई तुमच्या समोरच बसलेली असेल.

आता ज्या चुकीचा मला खरा राग येतो ती. वर्षातून एकदा येणाऱ्यांना व्यासपीठावरून टोमणे मारणं. एका चर्चमध्ये मी पाहुणा म्हणून मागच्या बाकावर होतो. माझ्या पुढे एक आजी, पुण्याहून आलेला मुलगा, सून आणि तान्हं बाळ. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला नातू दाखवत होती. पाळकसाहेबांनी सुरुवातच केली, "आज बरं चर्च भरलं! वर्षभर कुठे होता?" लोक हसले. आजींनी बाळाचं टोपरं सारखं करायला घेतलं, ते बराच वेळ चाललं. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, मुलगा उठला नाही. बाहेर चहा-केक सुरू व्हायच्या आत ते फाटकाबाहेर पडले होते.

देवदूतानं मेंढपाळांची हजेरी घेतली नाही. "भिऊ नका" म्हणाला. माझ्या उपदेशाचं पहिलं वाक्य मी मागच्या बाकासाठी लिहितो. कोण वर्षभर आलं नाही हे विचारायचंच असेल तर जानेवारीत त्यांच्या घरी जावं, आणि तेही चहा झाल्यावर.

बाकी थोडक्यात. वीस मिनिटांच्या आत थांबा. पुढे प्रभुभोजन आहे, मुलांचे कार्यक्रम आहेत. सांताक्लॉजवर तोंडसुख घेऊ नका, समोर लहान मुलं बसलेली असतात. 25 तारीख बायबलमध्ये नाही आणि रोममध्ये ती पाळल्याची नोंद 336 सालची आहे, हे खरं. पण हा विषय बायबल क्लासचा.

हेरोद राजानं बेथलेहेमची बालकं मारली तो भाग 25 ला नको, पण कायमचा गाळूही नका. मी तो पुढच्या रविवारी घेतो. त्या वर्षी मंडळीत कुणाचं मूल गेलं असेल, तर आधी त्यांच्या घरी जाऊन, हा भाग वाचणार आहे असं सांगून येतो.