हाय विल्हेजला एकट्याने जाण्याआधी

सॅक नंतर भरू. आधी गोळीबाराचं वेळापत्रक बघायचं. इंग्लंडच्या डेव्हनमधल्या डार्टमूर या माळरानाचा हा सर्वोच्च माथा लष्कराच्या ओकहॅम्प्टन रेंजमध्ये, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या हद्दीत येतो. सरावाच्या दिवशी लाल निशाणं चढतात, मग हद्दीत पाऊल टाकायचं नाही. तारखा ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर आधीच लागतात. सराव नसेल तेव्हाही गवतात पडलेल्या धातूच्या कुठल्याही वस्तूला हात लावू नका.

उंची ६२१ मीटर. सिंहगड याच्या दुप्पट उंच, त्यामुळे आपल्याकडून आलेल्या ट्रेकरला हे किरकोळ वाटतं. पण सह्याद्रीत वाट चुकली तरी बहुतेकदा खाली एखादी वाडी दिसते, गुराखी भेटतो. इथे वर झाड नाही, घर नाही, आणि धुकं उतरलं की चहूकडे सारखंच पिवळट गवत. म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचा ओएल २८ हा कागदी नकाशा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घ्या, सोबत होकायंत्र. मोबाईलची बॅटरी थंडीत भराभर उतरते. शेजारचा माथा यस टॉर (६१९ मीटर) ते हाय विल्हेज हे अंतर जेमतेम एक किलोमीटर आहे. हवा स्वच्छ असली तरी तेवढं होकायंत्रावर चालून बघा, म्हणजे धुक्यात हात थरथरणार नाहीत.

वेळेचा हिशेब कागदावर करा. दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय ६०० मीटर चढाला एक तास. दलदलीसाठी मी त्यात निम्मी भर घालते. डिसेंबरात सव्वाचारलाच सूर्य मावळतो, म्हणून डोक्याला लावायचा टॉर्च उन्हाळ्यातही सॅकमध्ये असावा. चकचकीत हिरवं शेवाळ दिसलं की खाली पाणी आहे असं समजायचं आणि वळसा घ्यायचा.

रेनकोट, रेनपँट, कोरडे मोजे, लोकरी टोपी, शिट्टी. थर्मासात चहा. चिक्की थंडीत दगडासारखी होते. दशमी मऊ राहते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरच्या किंवा ओळखीच्या एका माणसाला लिहून द्या: गाडी मेल्डन जलाशयापाशी लावली आहे, या वाटेने चढणार, त्या वाटेने उतरणार, आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर ९९९ हा ब्रिटनचा आपत्कालीन नंबर लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू (डोंगरातलं बचाव पथक) मागायचं. हा माणूस ब्रिटनमधलाच हवा. पुण्यात आईला कळवलंत तर तिच्या जिवाला घोर लागेल, पण तिकडून ९९९ लागणार नाही. स्वतःचा मोबाईलही ९९९च्या एसएमएस सेवेसाठी आधी नोंदवून ठेवा. रेंज कमकुवत असताना बोलणं होत नाही, तेव्हा संदेश कधीकधी जातो. अडकलात तर मिनिटात सहा शिट्ट्या, एक मिनिट थांबून पुन्हा सहा.

खाली उतरल्यावर बूट सोडण्याआधी त्या माणसाला फोन करा. रात्री आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी गोचीड चिकटलेत का ते तपासा. असला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढायचा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं, तर डॉक्टरांना दाखवा.