या चुका टाळा: जुन्या पिकअपचं वायरिंग घरी तपासताना

मागचा दिवा लागत नाही म्हणून बल्ब बदलला, होल्डर बदलला, स्विचही बदलला, तरी तेच रडगाणं. अशा गाड्या मी इतक्या पाहिल्यात की आता पहिला प्रश्न ठरलेला असतो: अर्थिंग पाहिलं का? उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच येतं.

बॅटरीतून निघालेला करंट बल्बपर्यंत पोचला म्हणजे काम अर्धंच झालं. तो परत बॅटरीच्या मायनसला यायला हवा, आणि गाडीत ही परतीची वाट, म्हणजेच अर्थ, चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि बॉडीच्या पत्र्यातून जाते. पिकअपचा हौदा चासीवर वेगळा बसवलेला असतो. बोल्ट गंजले, मध्ये रबर किंवा रंग आला की ती वाट अडते.

माझ्याच गाडीत ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद पेटायचा. मी फ्लॅशर (इंडिकेटर उघडझाप करवणारा रिले) बदलला, मग स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच काढून साफ केला. दोन रविवार गेले. शेवटी बॅटरीच्या मायनसपासून एक लांब वायर थेट त्या दिव्याच्या अर्थला टेकवली आणि सगळं जागच्या जागी आलं. ब्रेकच्या करंटला परतीची वाट मिळत नव्हती, म्हणून तो इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा घुसून दुसरीकडून अर्थ शोधत होता. हौद्याखालचा अर्थचा बोल्ट उघडला तर थिंबलखाली (वायरीच्या टोकाची धातूची कडी) रंगाचा जाड थर आणि त्याच्या कडेने पांढरट-हिरवी भुकटी. हौदा रंगवताना थिंबल न झाकताच फवारा मारला होता. चकचकीत धातू दिसेपर्यंत पॉलिश पेपर मारला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं. पुन्हा तक्रार नाही.

तेव्हापासून कुठलाही पार्ट आणण्याआधी मी एक माप घेतोच. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, लाल पिन दिव्याच्या अर्थवर, आणि कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ ठीक. माझ्या गाडीत चारच्या वर आला होता. ब्रेक न दाबता हे माप घेतलं तर काहीच कळत नाही, कारण करंट वाहतच नसतो.

इथेच दुसरी मोठी चूक होते. वायरचं टोक मोकळं ठेवून मीटर लावतात, १२.६ व्होल्ट दिसले की ‘सप्लाय येतोय’ म्हणून मोकळे होतात. वायरच्या आतले सगळे धागे कुजून एकच उरला असला तरी मीटर १२.६ च दाखवेल, कारण मीटर नावापुरताच करंट ओढतो. ५५ वॉटच्या हेडलाइटला साडेचार अँपिअरच्या आसपास लागतात, तेवढे त्या एका धाग्यातून येत नाहीत. मी २१ वॉटच्या जुन्या बल्बला दोन वायरी जोडून ठेवल्यात. तो पूर्ण तेजात लागला तरच सप्लाय आहे असं मानतो. मात्र ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), सेन्सर किंवा एअरबॅगच्या वायरींना तो कधीच लावू नका.

फ्यूज वारंवार उडतोय म्हणून लाल १० अँपिअरच्या जागी निळा १५ चा घालणं किंवा चांदीचा कागद गुंडाळणं, याचा मला मनापासून राग येतो. फ्यूज वायरीला वाचवतो. तो मोठा केला की त्याच्याऐवजी वायर जळते, आणि ती डॅशबोर्डच्या मागे असते. हाच २१ वॉटचा बल्ब फ्यूजच्या दोन खाचांमध्ये जोडा आणि त्या लाइनवरचे दिवे, पंखा सगळं बंद ठेवा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल. मग वायरिंगचा जुडगा हातभर अंतराने हलवत जा. बल्ब जिथे विझेल किंवा फडफडेल, तिथे वायर सोललेली आहे. वेळ लागतो, पण घाई करणाऱ्यांचा यापेक्षा जास्त वेळ जातो.

इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) ‘तपासू’ नका, व्होल्टेज उसळून त्यातले डायोड जातात. बॅटरीवर मीटर लावा, साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत.

पिळून टेप गुंडाळलेला जोड हौद्याखाली टिकत नाही. क्रिम्प करा (धातूच्या नळीत घालून पक्कडीने दाबा), वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा.

एलईडी बल्ब लावल्यावर इंडिकेटर भरभर लागतो तो लोड कमी झाल्यामुळे, वायरिंग उसवू नका.

बॅटरी रात्रीत उतरत असेल तर मायनस केबल काढून खुंटी आणि केबलच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा. दारं बंद करून अर्धा तास थांबा, नव्या धाटणीच्या गाड्यांतले मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट) झोपायला वेळ घेतात. ५० मिलिअँपिअरच्या वर आकडा राहिला तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने तो पडेल ती लाइन धरा. मीटर लागलेला असताना सेल्फ मात्र मारू नका.