परदेशात भाषा अडते तेव्हा : नाशिककरांनो, या चुका टाळा

मेनरोडवर भाव करायला जीभ लागते. बँकॉकच्या चतुचक बाजारात कॅल्क्युलेटर लागतो. दुकानदार बाई तो स्वतःच पुढे करते. तिने आकडा टाकायचा, आपण आपला टाकायचा, दोन-तीन फेऱ्यांत सौदा. आपली मंडळी मात्र समोरच्याला कळलं नाही की तेच इंग्रजी वाक्य आणखी मोठ्याने म्हणतात. पंचवटीत बाहेरगावच्या यात्रेकरूंशी तोडक्यामोडक्या हिंदीत निभावतं, तसं तिकडे निभावत नाही. किंमत लिहून दाखवा, वस्तूचा फोटो दाखवा.

आकड्यांतही गोम आहेच. जर्मनीत १.५०० म्हणजे दीड नव्हे, दीड हजार. व्हिएतनाममध्ये तर पन्नास हजार डोंग नुसते '५०के' असे लिहितात. थायलंडमध्ये पाकिटावर २५६९ साल दिसलं तर ती छपाईची चूक नाही, बौद्ध सन आहे. ५४३ वजा करा.

शाकाहारींनी नुसतं 'व्हेज' म्हणून थांबू नये. थाई स्वयंपाकात माशाचा सॉस, जपानी रश्श्यात सुकवलेल्या माशाचा अर्क. वाटीत तुकडा दिसत नाही म्हणून वाढणाऱ्यालाही ते मांसाहारी वाटत नाही. म्हणून काय नको ते एकेक नाव घेऊन सांगा. थायलंडमध्ये पिवळ्यावर लाल अक्षरांत, थाई लिपीत 'เจ' (उच्चार 'जे', म्हणजे कडक शाकाहारी) लिहिलेलं दुकान दिसलं तर बिनधास्त शिरा. तिथे कांदा-लसूणही नसतो, चातुर्मास पाळणाऱ्या आजींची सोय होते. सोयाचं 'मटण' पाहून दचकू नका म्हणजे झालं.

भाषांतराचं ॲप विमानतळावर उतरल्यावर टाकायचं, हा आळस महागात पडतो. घरच्या वायफायवरच दोन्ही भाषा ऑफलाइन उतरवून घ्या. चीनला निघाला असाल तर गूगलवर विसंबू नका, तिथे ते चालत नाही. दुसरं ॲप इथूनच टाकून न्या. आणि ॲपशी आपण घरात बोलतो तसं बोलू नका. "अहो, यात मासे-बिसे नाहीत ना?" यातल्या 'बिसे'चं आणि शेवटच्या 'ना'चं ते काय करील सांगता येत नाही. "या पदार्थात मासा आहे का?" एवढंच टाका. आलेलं भाषांतर उलट मराठीत करून एकदा ताडून पाहा. शेंगदाण्याची ॲलर्जी वगैरे असेल तर मात्र ॲपवर सोडू नका, हॉटेलच्या रिसेप्शनवरून स्थानिक भाषेत चिठ्ठी लिहून घ्या.

त्याच वेळी हॉटेलचं कार्डही मागून घ्या, स्थानिक लिपीतलं. बुकिंगचा इंग्रजी कागद टॅक्सीवाल्याला वाचता येईलच असं नाही.

औषधांचं थोडक्यात : दुकानात ब्रँडचं नाव सांगून उपयोग नाही, घटकाचं सांगा. पॅरासिटामॉलला अमेरिकेत आणि जपानमध्ये ॲसिटामिनोफेन म्हणतात. रोजच्या गोळ्या डबीत सुट्या नेऊ नका, छापील पट्टीसकट न्या, आणि डॉक्टरांकडून घटकांची नावं इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी निघायच्या आधीच घ्या.