बेवारस गाडी घेऊन पुन्हा चालती करताय? आधी कागद, मग पाना – या चुका टाळा

बेवारस दिसणारी गाडी कायद्याने क्वचितच बेवारस असते. सदाशिव पेठेतला पुनर्विकासाला निघालेला वाडा घ्या नाहीतर कोथरूडच्या सोसायटीचं पार्किंग घ्या, टायर बसलेली एखादी पद्मिनी किंवा मारुती ८०० दिसतेच. ती वाचवावीशी वाटणं अगदी रास्त आहे. पण आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे, तोच मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने मालक, मग गाडी कितीही वर्षं पडून असो. लोक ज्या बारा वर्षांच्या ताब्याचा हवाला देतात, ती मुदत जमीन-घराची आहे. मालकाला न विचारता गाडी गॅरेजला नेली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरीचा किंवा कलम ३१४ खाली अपहाराचा गुन्हा अंगावर येऊ शकतो.

दुसरी चूक म्हणजे भलत्याच माणसाकडून गाडी घेणं. सोसायटीचा चेअरमन म्हणतो, 'न्या हो, जागा मोकळी होईल.' गॅरेजवाला म्हणतो, 'बिल थकलंय, आता माझीच समजा.' दोघांनाही विकायचा अधिकार नाही. करार कायद्याच्या कलम १७० नुसार कारागीर मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवू शकतो, पण त्या कलमाने त्याला ती विकता येत नाही. जो मालक नाही त्याने स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं आणि वर नोटरीचा शिक्का मारून घेतला, तरी आरटीओत त्याचा उपयोग शून्य.

मग मालक शोधायचा कसा? एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला की गाडीची नोंद, तिची मुदत आणि कर्जाचा बोजा दिसतो. नाव मात्र अर्धवट झाकलेलं असतं. सोसायटीचं मेंटेनन्सचं जुनं रजिस्टर, भाडेकरूंची यादी, शेजारचे आजी-आजोबा यांच्याकडून बरेचदा पुढचा धागा मिळतो. त्याच वेळी पोलीस चौकीत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 'वाहन समन्वय' सेवेवर गाडी चोरीची नाही ना, तेही पाहा. मालक भेटला की त्याला एक गोष्ट नीट समजावून सांगा. नोंद त्याच्या नावावर आहे तोवर अपघाताची नुकसानभरपाई त्याच्या गळ्यात पडू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात हेच सांगितलं. हे कळल्यावर गाडी देऊन टाकायला कित्येक जण आपणहून तयार होतात. मग मालकी बदलाच्या फॉर्म २९ (दोन प्रती) आणि ३० वर सह्या घ्या. बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ लागेल. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) हरवली असेल तर आधी दुय्यम प्रत काढावी लागते.

बहुतेक प्रकरणं अडतात ती मालक वारलेला असतो तेव्हा. मुलाने थेट २९-३० वर सही केली की फाईल परत येते. आधी फॉर्म ३१ ने गाडी वारसाच्या नावावर चढली पाहिजे, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडून. एक बहीण परदेशात आहे म्हणून तिला वगळू नका. तीच पुढे हरकत घेते.

मालकाचा पत्ताच लागत नसेल, तर गाडी पोलिसांच्या ताब्यात जाऊ द्या. मालक अज्ञात असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ प्रमाणे न्यायदंडाधिकारी जाहीरनामा काढतात आणि दावा सांगायला सहा महिने देतात. कोणीच आलं नाही तर गाडी सरकारजमा होऊन लिलावात येऊ शकते. सरकारी लिलावातली गाडी फॉर्म ३२ ने नावावर होते. मात्र लिलावाच्या अटी शब्द न् शब्द वाचा, कारण बऱ्याच गाड्या फक्त भंगार म्हणून विकल्या जातात आणि त्या पुन्हा रस्त्यावर आणता येत नाहीत.

आता एक चूक गॅरेजमधली. चेसिस नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला ओळख क्रमांक) गंजाखाली गेलेला असतो आणि डेंटिंगवाला सरळ ग्राइंडर फिरवतो. असं अजिबात करू देऊ नका. गंज सैल करणारं द्रव्य लावा, रात्रभर मुरू द्या आणि नायलॉनच्या ब्रशने हळूहळू घासा. आकडे उघडे पडले की पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा, ठसा घ्या, फोटो काढा. तो ठसा आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. एक आकडा जरी घासला गेला तरी आरटीओचा इन्स्पेक्टर छेडछाडीचा संशय घेणार, आणि तो निस्तरणं इंजिन बांधण्यापेक्षा अवघड जातं. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातून दुसरं इंजिन आणायचं असेल तर तेही आरटीओच्या मंजुरीनंतरच.

नाव लागलं तरी खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. नूतनीकरणाचा फॉर्म २५, तपासणी, पर्यावरण कर हे सगळं पुन्हा करावं लागतं. वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालं आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटली असतील तर 'व्हीए' मालिकेतली व्हिंटेज नोंदणी मागता येते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. मधल्या काळात गाडी हलवायची असेल तर फ्लॅटबेडवर (सपाट ट्रकवर चढवून) न्या. इन्शुरन्सशिवाय ती ढकलतसुद्धा रस्त्यावर आणू नका.