एथेल स्मिथ यांची ध्वनिमुद्रणे आणि चित्रपट कसे अभ्यासावेत

अमेरिकन ऑर्गनवादक एथेल स्मिथ यांच्या कारकिर्दीचा अभ्यास करताना चित्रपटांपेक्षा ध्वनिमुद्रिकांपासून सुरुवात करावी, कारण पडद्यावरील झगमगाटात वादनाकडे दुर्लक्ष होते. प्रथम डेक्का या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी त्यांनी मुद्रित केलेली 'टिको-टिको' ही रचना डोळे मिटून ऐकावी. एका वेळी फक्त उजव्या हाताची चाल आणि दुसऱ्या वेळी फक्त पायपट्ट्यांवरचा खर्ज धरून ऐकले, म्हणजे हातांनी वाजवायचे दोन स्वरपट आणि पायांनी दाबायच्या पंचवीस पायपट्ट्या असलेल्या हॅमंड या विद्युत ऑर्गनवर एकटी व्यक्ती अख्खा वाद्यवृंद कसा उभा करते, हे उलगडते. (ही सवय लागायला वेळ लागतो; घाई करू नये.)

त्यानंतर 'बेदिंग ब्यूटी' (१९४४) मधील हीच रचना पाहावी. त्या काळी चित्रपटातील संगीत बहुधा आधी मुद्रित करून मग चित्रीकरण होत असे. त्यामुळे बोटे आणि सूर यांचा मेळ तपासताना थोडे सावध राहावे. शेवटी डिस्नेचा 'मेलडी टाइम' (१९४८) पाहावा. त्यात रेखाचित्रांतील पक्ष्यांच्या सोबतीने स्मिथ सांबा हे ब्राझिलियन नृत्यसंगीत वाजवतात आणि त्यांच्या ऑर्गनचाच स्फोट होतो.