मे महिन्यात गच्चीवर पार्टी? आधी स्लॅब थंड करा

मुंबईत अंगण कुणाला असतं, सोसायटीची गच्चीच आपलं अंगण. पण दिवसभर तापलेला स्लॅब अंधार पडल्यावरही धग सोडत राहतो. सहाच्या सुमारास दोन-चार बादल्या पाणी मारा, ते वाळलं की पुन्हा एकदा मारा, आणि सतरंज्या साडेसातनंतरच अंथरा. ओल्यावर घातल्या तर कुबट वास येतो.

वीस जणांना एक किलो कैरीचं पन्हं पुरतं. कैऱ्या उकडून गर काढा, गराच्या दीडपट गूळ, वेलची आणि मीठ घालून घट्टच ठेवा. पाणी आयत्या वेळी घाला. बर्फ पन्ह्यात टाकू नका, दहा मिनिटांत पाणचट होतं. त्यापेक्षा टबात बर्फ, तो बुडेल इतकं पाणी आणि दोन मुठी मीठ घालून त्यात पन्ह्याच्या बाटल्या ठेवा. नुसत्या बर्फात पोकळ्या राहतात, पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं.

खायला भेळ उत्तम. कुरमुरे मात्र हवाबंद डब्यातच ठेवा, या दमट हवेत ते बघता बघता सादळतात. ओल्या नारळाची चटणी शक्यतो टाळाच, उकाड्यात लगेच आंबते.

स्पीकर दहाला बंद.